दोन मिलिमीटरची जागा

इलेक्ट्रिक गिटारवर सर्वांत कमी हात लागतो तो पिकअपच्या दोन टोकांना असलेल्या स्क्रूंना. खुंट्या रोज पिळल्या जातात, आवाजाची बटणं झिजून गुळगुळीत होतात, तारा तुटतात आणि बदलल्या जातात. हे दोन स्क्रू मात्र कारखान्यातून जसे आले तसेच, खाचेत धूळ भरून बसलेले असतात. वऱ्हाडात माझ्यासमोर आलेल्या बहुतेक गिटारींची गोष्ट हीच होती. वाजवणाऱ्याने नवा प्रोसेसर घेतलेला असतो, महागडी केबल घेतलेली असते, कुणाचं तरी ऐकून पिकअपही बदललेलं असतं. पेचकस मात्र लावलेला नसतो. या पुस्तकाचा मुख्य विषय म्हणजे हे स्क्रू आणि ते फिरवण्याआधी गिटारच्या बाकी अंगाची करावी लागणारी मांडामांड. त्या मांडामांडीला वाजवणारे ‘सेटअप’ म्हणतात, आणि मराठीत त्यावर सलग लिहिलेलं माझ्या वाचनात नव्हतं. लेखकाने प्रस्तावना मागितली तेव्हा मी लगेच हो म्हटलं, त्याचं एक कारण हे.

दुसरं कारण जऊळका. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातलं, अकोला-पूर्णा लोहमार्गावरचं हे गाव. स्टेशनमुळे सगळे त्याला जऊळका रेल्वे म्हणतात. पूर्वी इथून मीटरगेजची गाडी जायची, आता ब्रॉडगेज आहे. १ जुलै १९९८ला अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा सोयाबीनचा, संत्र्याचा, पोहरादेवीच्या यात्रेचा. इलेक्ट्रिक गिटारचं नाव काढल्यावर वाशीम कुणाला आठवणार नाही. तरी गिटार इथे आहे. ती ऑनलाइन मागवली जाते, मोठ्या खोक्यातून येते आणि खोक्यातून निघते तेव्हा बहुधा वाजवण्याजोगी नसते. हजारो किलोमीटरच्या प्रवासात मान वाकलेली असते, तारा बोटाला कापतील इतक्या उंच असतात. मुंबईत धोबी तलावच्या जेर महलात १८६५ सालापासूनचं फुर्टाडोज आहे, आजूबाजूला दुरुस्ती करणारे आहेत. जऊळक्याच्या पोराला त्यासाठी अकोला नाहीतर नागपूर गाठावं लागतं, आणि तिथेही गिटार ठेवून यावं लागतं. म्हणून ज्याच्या गावात गिटारचा कारागीर नाही त्याला डोळ्यासमोर ठेवून हे पुस्तक लिहिलंय, हे मला त्यातलं सगळ्यांत मोलाचं वाटतं.

‘आपण कशाला हात लावायचा, बिघडलं तर?’ ही भीती आधी काढायला हवी. गंमत अशी, की वाद्याच्या सेटअपमध्ये मराठी माणूस अडाणी मुळीच नाही. मिरजेत शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावता लावता तंबोरे आणि सतारी घडवायला घेतल्या. ती परंपरा अजून चालू आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पंढरपूरच्या बाजूचा भोपळा, वर तून लाकडाची दांडी, आणि सगळ्यांत अवघड काम म्हणजे जवारी. घोडीचा माथा कानशीने इतका हलका उतरवायचा, की तार त्याला सुटता सुटता चाटून जाईल. हे काम कारागिराचं, मान्य. पण त्या घोडीवर तारेखाली जो सुताचा दोरा असतो, तो कोण सरकवतं? गायक स्वतः, नाहीतर मागे तंबोऱ्याला बसलेला शिष्य. मैफल सुरू होण्याआधी तो दोरा केसभर पुढे, केसभर मागे करून आवाज मोकळा होतो का ते ऐकतो. दोरा सरकवायला कुणी तंबोरा घेऊन मिरजेला जात नाही. कान आणि बोट यांच्यामधलं हे काम आपल्याकडे शेकडो वर्षांपासून वाजवणाऱ्याचंच मानलं गेलंय. पिकअपचा स्क्रू त्याच जातीचा आहे. तोही वाजवणाऱ्यानेच फिरवायचा असतो, ऐकत ऐकत.

आता पिकअप काय करतं ते थोडक्यात. पुस्तकात आकृत्यांसह सविस्तर आहेच. चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे घातलेले असतात. वर ताणलेली गिटारची तार पोलादाची किंवा निकेलची, म्हणजे चुंबकाला ओळखणारी. चुंबक तिलाच थोडंसं चुंबक करून टाकतो. ती थरथरली की वेढ्यांमधून जाणारं चुंबकीय क्षेत्र कमीजास्त होतं आणि वेढ्यांत वीज उमटते. मायकेल फॅरडेने १८३१मध्ये दाखवून दिलेली हीच गोष्ट, जिच्यावर कोयनेपासून पारसपर्यंतची सगळी जनित्रं चालतात. पिकअप हवेतला आवाज ऐकत नाही, तारेची हालचाल ऐकतं. म्हणून त्याच्यासमोर कितीही ओरडलं तरी ते गप्प, आणि पितळेची तार लावली तर तेही मुकंच. जॉर्ज ब्युशॅम्पने १९३१च्या सुमारास अमेरिकेत असं पिकअप बसवून तव्याच्या आकाराची एक गिटार केली, रिकनबॅकरने ती विकली, पेटंट १९३७मध्ये मिळालं. पुढची नावं वाचकाला ठाऊक असतील: फेंडरची टेलिकास्टर, १९५२ची गिब्सन लेस पॉल, १९५४ची स्ट्रॅटोकास्टर. १९५५मध्ये गिब्सनच्या सेथ लव्हरने दोन वेटोळी उलटसुलट जोडून विजेची गुणगुण मारणाऱ्या हंबकरसाठी पेटंटचा अर्ज केला. अमेरिकेत ती गुणगुण ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५०ची. लोड वाढून व्होल्टेज हलायला लागलं की मंडपातला प्रत्येक सिंगल कॉइलवाला ती ओळखतो.

हे सगळं घडतं ते तार आणि चुंबक यांच्यामधल्या जागेत. ती जागा साधारण दोन मिलिमीटरची. अंतर थोडं घटलं तरी आवाज भसकन वाढतो, म्हणून पहिला मोह असतो स्क्रू घट्ट करून पिकअप वर आणायचा. (स्ट्रॅटोकास्टरवर स्क्रू उजवीकडे पिळला की पिकअप वर येतं. ‘घट्ट केलं म्हणजे खाली जाईल’ असं नवख्याला वाटतं आणि पहिल्याच दिवशी गोंधळ होतो. पुस्तकात ही सूचना ठळक अक्षरांत छापली आहे, ते बरं केलं.) आवाज मोठा झाला की आवाज चांगला झाला, ही कानाची जुनी फसवणूक आहे. दुकानात दोन गिटारी शेजारी वाजवल्या तर मोठी वाजणारीच आवडते. जवळ आणलेल्या पिकअपचा आवाज पहिली दोन मिनिटं भारी वाटतो, मग त्याची किंमत कळायला लागते.

ही किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. पहिली चुंबकाची ओढ. चुंबक तारेला फक्त ऐकत नाही, खालीही खेचतो. तार वर-खाली हलताना ती ओढ जशी लागते तशी आडवी हलताना लागत नाही. म्हणून एकाच तारेतून दोन किंचित वेगळे स्वर निघतात आणि एकमेकांवर आपटून लाटा उठवतात. हे स्वतः ऐकायचं असेल तर स्ट्रॅटोकास्टरच्या घाटाची गिटार घ्या, मानेकडचं पिकअप निवडा, ते मुद्दाम पूर्ण वर आणा आणि जाड सहावी तार बाराव्या फ्रेटवर, मग पंधराव्यावर, मग सतराव्यावर छेडून धरून ठेवा. स्वर सरळ उभा राहत नाही. त्यात एक वळवळ येते, उकळत्या पाण्यासारखी. ट्यूनर ॲपचा काटा वर-खाली नाचतो. अनेक जण इथे ब्रिजची सॅडल पुढेमागे करत बसतात, खुंट्यांना शिव्या देतात, तारांचा नवा सेट आणतात. दोष पिकअपचा असतो. त्याची जाड तारेकडची बाजू अर्धा-अर्धा वेढा खाली घेत पुन्हा छेडा. एका ठिकाणी वळवळ थांबते आणि स्वर एकदम लांब टिकतो. त्या क्षणी अंतर किती आहे ते मोजा आणि लिहून ठेवा. ही ओढ अल्निकोच्या उभ्या दांड्यांच्या पिकअपमध्ये जास्त असते. स्वस्त गिटारींत खाली सिरॅमिकची पट्टी आणि वर साध्या लोखंडी दांड्या असतात, तिथे ती तुलनेने कमी. म्हणून काही वेळा महागडी गिटारच या रोगाला जास्त बळी पडते.

दुसरी किंमत पुढच्या यंत्रांना मोजावी लागते. जवळ आणलेलं पिकअप एवढा मोठा झटका देतं, की स्वस्त प्रोसेसरचा पहिलाच टप्पा त्याला पुरत नाही. ‘भाऊ, आवाज फाटून राह्यला’ ही मंडपातली तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे, की मी आता आधी पिकअप पाहतो आणि मग मिक्सर. पिकअप खाली घेऊन ॲम्पचं बटण थोडं वाढवलं, तर जोर तेवढाच राहतो पण तारेचा ठसका वेगळा कळतो, हलका हात आणि जोराचा हात यांतला फरक ऐकू येतो. गिटार थेट मिक्सरच्या लाइन इनपुटला लावणं हा आपल्याकडचा आणखी एक रोग. पिकअपला पुढे सुमारे एक मेगाओहमचा प्रतिरोध हवा असतो, लाइन इनपुट काही दहा हजार ओहमचंच असतं, आणि त्यात गिटारची सगळी चमक मरते. साधा डीआय बॉक्स मध्ये घातला की अर्धं दुःख जातं. लेखकाने यावर अर्धंच पान खर्चलंय. मी दोन पानं मागितली होती.

पण पिकअपचा स्क्रू शेवटी. हे पुस्तक वाचून कुणी एकच गोष्ट लक्षात ठेवणार असेल, तर ती क्रमाची ठेवावी. आधी नव्या तारा लावून सूर लावायचा, मग मान सरळ करायची, मग तारांची उंची, मग स्वरांची जुळणी, आणि सर्वांत शेवटी पिकअप. याचं कारण साधं आहे. मान हलली की उंची बदलते, उंची बदलली की तार आणि पिकअप यांच्यातलं अंतर बदलतं. उलट क्रमाने केलेलं काम पुसून पुन्हा करावं लागतं. दहा-सेहेचाळीसचा नेहमीचा सेट सुरात लावला की सहा तारा मिळून मानेला जवळपास ४७ किलोंच्या जोराने ओढतात. नऊ-बेचाळीसचा सेट लावला तर ती ओढ ३८-३९ किलोंवर येते. तारांचा सेट बदलला आणि सेटअप तसाच ठेवला, तर गिटार वेगळी का वाटते याचं उत्तर त्या आठ किलोंत आहे.

मानेच्या आत पोलादी ट्रस रॉड असतो. मान काठीसारखी अगदी सरळ ठेवत नाहीत. तिला समोरच्या बाजूला अतिशय हलकी खोल देतात, म्हणजे जोरात छेडलेली तार फ्रेटवर आपटत नाही. किती हलकी? पहिल्या फ्रेटवर क्लॅम्प लावायचा, शेवटचा फ्रेट बोटाने दाबायचा, आणि मधल्या, साधारण सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात किती जागा राहते ते पाहायचं. फेंडर आपल्या नेहमीच्या गिटारींसाठी ०.२५ मिलिमीटर सांगते. इथे वाचक हात टेकतो: पाव मिलिमीटर मोजायचा कशाने? लेखकाचं उत्तर वाचून मी खूश झालो. ट्रॅक्टरच्या गॅरेजमध्ये टॅपेट सेट करायला जो फीलर गेज असतो, पातळ पोलादी पट्ट्यांचा पंखा, त्यात ०.२५ची पट्टी असते. जऊळक्यात, मालेगावात, प्रत्येक मेकॅनिककडे तो असतो. पट्टी पुसून, तेल काढून, तारेखालून सरकवायची. अडकली नाही आणि तार उचललीही नाही, म्हणजे बरोबर. ट्रस रॉड उजवीकडे पिळला की मान सरळ होते, डावीकडे पिळला की खोल वाढते. एका वेळी पाव वेढा, त्याहून जास्त नाही. पाना अडला तर जोर लावायचा नाही, थांबायचं. ट्रस रॉड तुटला तर गिटारचं काम त्या दिवसापुरतं तरी संपलं.

तारांच्या उंचीवर आणि स्वरजुळणीवर पुस्तकात दोन पूर्ण प्रकरणं आहेत, म्हणून इथे थोडक्यात. फेंडरचा आकडा सतराव्या फ्रेटवर १.६ मिलिमीटर. हलक्या हाताला तो पुरतो, पण लावणीचा ठेका किंवा भीमगीताचा जोर वाजवणाऱ्याला थोडी जास्त उंची लागते. स्वरजुळणीत बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि तिथेच दाबून वाजवलेला स्वर एक यायला हवेत. दाबलेला स्वर चढा येत असेल तर सॅडल मागे, उतरता येत असेल तर पुढे. जुन्या, गंजलेल्या तारांवर हे काम करू नये. तरंगत्या ब्रिजबद्दल माझं मत मात्र लेखकाहून कडक आहे. फेंडर त्याला मागे ३.२ मिलिमीटर उचललेला ठेवायला सांगते, घरी ते छान वाजतं. पण रात्रीच्या कार्यक्रमात एक तार तुटली की स्प्रिंगचा तोल जातो आणि उरलेल्या पाचही बेसूर होतात. कार्यक्रम करणाऱ्याने मागच्या स्प्रिंग घट्ट करून ब्रिज अंगावर टेकवून टाकावा. ज्याला ट्रेमोलोची लाट हवी असेल त्याने दुसरी गिटार सोबत ठेवावी.

पिकअपच्या उंचीचे आकडे घेताना सगळ्या तारा शेवटच्या फ्रेटवर दाबून धराव्या लागतात, नाहीतर मोजमापाला अर्थ नाही. त्या स्थितीत तारेच्या खालच्या काठापासून दांडीच्या माथ्यापर्यंत: साध्या सिंगल कॉइलला जाड तारेकडे २ मिलिमीटर आणि बारीक तारेकडे १.६ मिलिमीटर, असं फेंडर सांगते. हंबकरला दोन्हीकडे १.६. गिब्सन मानेकडच्या पिकअपला २.४ आणि ब्रिजकडच्याला १.६ धरते. ब्रिजकडचं पिकअप जवळ ठेवण्यामागचं कारण वाचकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं: खालच्या टोकाला तार कमी हलते, मानेकडे रुंद हलते. दोन्ही पिकअप सारख्या अंतरावर ठेवली तर ब्रिजकडचं नेहमी दुबळं वाजणार. लेखकाचा सल्ला आहे की आधी आकड्यावर आणावं आणि मग कानाने ठरवावं. मी उलटं करतो. दोन्ही पिकअप भरपूर खाली नेतो आणि तिथून हळूहळू वर आणतो. वरून खाली येताना कान मोठ्या आवाजाला सोकावलेला असतो आणि प्रत्येक पायरी नुकसान वाटते. खालून वर जाताना नेमका कुठे आवाज जिवंत होतो आणि कुठे तो कडक व्हायला लागतो, ते वेगळं कळतं. यावर आमचा वाद झाला, तो मिटला नाही, आणि लेखकाने मोठ्या मनाने हा परिच्छेद तसाच छापू दिला.

आणखी एक बारकावा स्ट्रॅटोकास्टरवाल्यांसाठी. तिच्या पिकअपच्या सहा दांड्या एका उंचीच्या नसतात. तिसऱ्या तारेची दांडी उंच असते, कारण १९५४मध्ये तिसरी तार वेढ्यांची असायची आणि तिचा आवाज कमी यायचा. आज सगळे तिसरी तार साधी, बिनवेढ्याची लावतात. दांडी मात्र जुन्याच मापाची. म्हणून त्या घाटाच्या गिटारीवर तिसरी तार सगळ्यांच्या डोक्यावर बसते. आख्खं पिकअप खाली करून ते जात नाही. दांड्या ठोकून खाली करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नये, वेटोळ्याची बारीक तार आतल्या आत तुटते. सपाट दांड्यांचं पिकअप घ्यावं, नाहीतर त्या तारेवर हात हलका ठेवायला शिकावं.

मराठी घरात विजेची गिटार आली ती मात्र स्पॅनिश पद्धतीने फार नव्हे. आधी आली हवायन: आडवी ठेवून लोखंडी कांडी तारेवर फिरवायची, नट उंच लावायचा म्हणजे तार फ्रेटला कधीच टेकणार नाही. व्हॅन शिप्ली यांच्या विजेच्या हवायन गिटारच्या तबकड्या घराघरांत वाजल्या, आणि कितीतरी मुलांनी चित्रपटगीतं आधी कांडीवरच वाजवली. मग रेकॉर्डिंगमध्ये दिलीप नाईक यांच्यासारखे गिटारवादक आले. १९६६च्या ‘तीसरी मंजिल’मधली त्यांची गिटार अजून कानात आहे. त्यांच्यामागोमाग प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी ऑर्केस्ट्रा उभा राहिला आणि त्यात एक इलेक्ट्रिक गिटार असायचीच. बाहेरची गिटार परवडत नव्हती, आयातीवर बंधनं होती, म्हणून सुताराकडून अंग कापून घ्यायचे आणि रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून वेटोळी गुंडाळून घ्यायचे. त्या पिढीला पिकअप उघडायची भीती नव्हती, कारण ते त्यांनीच बंद केलेलं असायचं.

त्या पिढीचा वारसा आज गिटारपेक्षा बेंजोत जास्त दिसतो. आपण ज्याला बेंजो म्हणतो तो खरा बुलबुलतरंग, म्हणजे गोरो मोरिताने १९१२मध्ये जपानच्या नागोयात केलेल्या ताइशोगोतोचा भारतीय अवतार, टाइपरायटरसारख्या कळांचा. कव्वालीत, भीमगीतांत, मिरवणुकीत विजेचा बेंजो वाजतो आणि त्याच्या पोटात गिटारचंच चुंबकी पिकअप असतं. रवी जाधव यांच्या २०१६च्या ‘बँजो’ चित्रपटानंतर शहरातल्या लोकांनाही तो माहीत झाला. बेंजोवाला पिकअपखाली रबराची किंवा पुठ्ठ्याची पट्टी घालतो, काढतो, पुन्हा घालतो, आणि १४ एप्रिलच्या आदल्या रात्री त्याचं हे काम पाहिलं की कळतं, की तो मिलिमीटरऐवजी पुठ्ठ्याचे थर मोजतोय. लेखकाने बेंजोवर छोटं परिशिष्ट दिलंय. पुढच्या आवृत्तीत त्याचं प्रकरण व्हावं. आमच्या भागात गिटारपेक्षा बेंजोच्या तक्रारी जास्त येतात.

ऋतूंचाही विचार करावा लागतो. मे महिन्यात वाशीम-अकोल्याचा पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. फिंगरबोर्डचं लाकूड आकसतं, फ्रेटची टोकं बाहेर येतात आणि मानेच्या कडेवरून हात फिरवला की बोट खरचटतं. जुलैत तेच लाकूड ओलावा पितं. मान कुठल्या बाजूला किती सरकेल ते लाकडागणिक वेगळं, म्हणून वर्षातून दोनदा, उन्हाळा चढल्यावर आणि पाऊस बसल्यावर, फीलर गेज पुन्हा लावून पाहावा. गिटार पत्र्याच्या खोलीत भिंतीला टांगू नये आणि उन्हात उभ्या गाडीत ठेवून चहाला जाऊ नये.

आता विजेबद्दल, आणि इथे मी गंमत करणार नाही. गिटारच्या तारा ब्रिजमधून आत अर्थला जोडलेल्या असतात, त्यामुळेच हात लावल्यावर गुणगुण कमी होते. ॲम्पचं अर्थिंग तुटलेलं असेल आणि आत कुठे फेज अंगाला लागलेली असेल, तर तीच फेज तारांवर येते. मंडपात एका खांबावरून ॲम्प, दुसऱ्या खांबावरून किंवा जनरेटरवरून माइक, असं असतं. बोटं तारेवर ठेवून ओठ माइकला लावले की मधला दुवा तुम्ही. ‘स्टोन द क्रोज’ या ब्रिटिश बँडचा गिटारवादक लेस हार्वे ३ मे १९७२ला स्वॉन्सीत अर्थिंग नसलेल्या माइकला हात लावून रंगमंचावरच गेला. तिसरी पिन कापलेला प्लग वापरू नये, मंडपवाल्याकडे ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी मागावा, आणि गाणं सुरू करण्याआधी टेस्टर माइकच्या जाळीला आणि ब्रिजला लावून पाहावा. टेस्टर पेटला तर वाजवू नये, आयोजक कितीही घाई करो.

दोन कामं लेखकाने मुद्दाम सोडली आहेत: नटच्या खाचा कापणं आणि फ्रेट घासून एकसारखे करणं. मला ते पटलं. नटच्या खाचेला तारेच्या जाडीनुसार वेगवेगळ्या कानशी लागतात. त्यांचा एक संच स्वस्तातल्या गिटारच्या किमतीला पडतो, आणि एक खाच जास्त खोल गेली की नट फेकून द्यावा लागतो. फ्रेटचंही तेच, काढलेला धातू परत येत नाही. या दोन कामांसाठी अकोल्याची किंवा नागपूरची फेरी करावी. मात्र जाण्याआधी पुस्तकातल्या सगळ्या पायऱ्या घरी कराव्या, मानेची खोल, सतराव्या फ्रेटची उंची आणि दोन्ही पिकअपचं अंतर एका कागदावर लिहून तो गिटारच्या पिशवीत ठेवावा, आणि कारागिराकडून गिटार परत घेताना तेच आकडे त्याच्यासमोर मोजून पाहावेत.